शिट्टी वाजली की थांबायचं

देवावर इतका गाढ विश्वास आणि देवाने घडवलेल्या एकूण एक वस्तूवर इतका पक्का अविश्वास, हे दोन्ही एकाच माणसात बघायचं असेल तर आमच्या आतोबांना बघावं. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. अंबरपेठेत एका चारमजली अपार्टमेंटच्या तळमजल्यावर राहतात. रेल्वेत चौतीस वर्षं गार्ड होते, आणि निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली तरी अंगातला गार्ड काही उतरलेला नाही. घराबाहेर पडताना कुलूप लावलं की स्वतः तीनदा ओढून बघतात, चौथ्यांदा आत्याला ओढायला लावतात, आणि गल्लीच्या टोकाशी पोचल्यावर "तू नीट ओढलंस ना?" म्हणत परत फिरतात. मनगटावर एक घड्याळ असतं आणि सदऱ्याच्या खिशात दुसरं, कारण मनगटावरचं खोटं बोललं तर विचारायचं कोणाला? दूधवाल्याचं माप, औषधाच्या बाटलीवरची तारीख, टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज, माझं गाडी चालवणं, यांतल्या कशावरही त्यांनी आजवर भरवसा ठेवलेला नाही. एकदा आत्या वैतागून म्हणाली, "देवावर एवढा विश्वास आहे ना, मग झोपताना गॅस चार-चारदा कशाला बघता?" आतोबा शांतपणे म्हणाले, "गॅस देवानं बंद नाही केला. तू केलास." यावर आत्यानं ओट्यावरची भांडी जरा जोरात आवरली.

त्यांचा देवही रेल्वेतलाच. म्हणजे देवघरात सगळे नेहमीचेच देव आहेत, दत्त आहे, बालाजी आहे, पण आतोबांच्या मते ही सगळी मंडळी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसतात. पुढे इंजिन असतं ते आपण. भोंगा वाजवायचा, धूर सोडायचा, सगळी गाडी मीच ओढतो म्हणून मिरवायचं. पण गाडी सुटते ती मागच्या डब्यातल्या माणसानं हिरवी झेंडी दाखवली तरच. "इंजिनाला मागचं काय दिसतं? काही नाही! पण मागं कोणीतरी आहे या भरवशावरच ते पुढं बघतं ना?" हे तत्त्वज्ञान त्यांनी मला ऐकवलं आहे, माझ्या नवऱ्याला ऐकवलं आहे, किराणावाल्याला ऐकवलं आहे, आणि एकदा दाढ काढायला गेले असताना तोंडात कापसाचा बोळा घेऊन दातांच्या डॉक्टरलाही ऐकवलं आहे. हल्ली गार्डला म्हणे ट्रेन मॅनेजर म्हणतात. हे कुणीतरी त्यांना सांगितलं तर दोन दिवस जेवणावरचं लक्ष उडालं होतं. "मॅनेजर! उद्या देवालासुद्धा मॅनेजर म्हणतील हे लोक!"

मुलांना देव शिकवायचा आतोबांचा वर्ग सुरू झाला तो एका गणपतीच्या आरतीनंतर. अपार्टमेंटच्या सेलारमध्ये, म्हणजे खाली गाड्या लावतात त्या तळघरात, गणपती बसला होता. प्रसादाच्या रांगेत पहिल्या मजल्यावरचा एक पाच-सहा वर्षांचा मुलगा आतोबांना म्हणाला, "आजोबा, हा देवुडू माझं ऐकतच नाही. मी सायकल सांगितली होती." आपली मराठी पोरं देवाला देवुडू म्हणतात, तेलुगू मित्रांच्या संगतीत हे व्हायचंच. आतोबांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. "त्यानं तुझं ऐकायचं? अरे उलटं आहे रे बाबा! तू त्याचं ऐकायचं! तो काय घरपोच बिर्याणी आणणारा पोरगा आहे?" त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि पुढच्याच रविवारी सकाळी आठ वाजता, दोन्ही घड्याळांत आठ वाजल्याची खात्री करून, सेलारमध्ये सतरंजी पसरली गेली. पाच ते आठ वर्षांची बारा मुलं जमली. मदतनीस म्हणून मला मलकपेठेहून बोलावून घेण्यात आलं. माझा देवाशी संबंध सणावारापुरता. बँकेतल्या नोकरीमुळे रविवार हा एकच दिवस मला लोळायला मिळायचा, पण आत्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "ये गं बाई, नाहीतर हे मलाच इंजिन करतील." मग काय, मी गेले आणि इंजिन झाले.

कारण वर्ग म्हणजे काही बसून शिकायचा प्रकार नव्हता. मी पुढे, माझ्या ओढणीचं टोक धरून पहिला मुलगा, त्याचा शर्ट धरून दुसरी, अशी आगगाडी सेलारमध्ये स्कूटरींच्या मधून फिरायची, आणि सगळ्यात मागे आतोबा, गळ्यात काळ्या दोरीत पितळी शिट्टी. मागे वळून बघायचं नाही हा पहिला नियम. एक लांब शिट्टी वाजली की जिथल्या तिथे थांबायचं, दोन आखूड वाजल्या की निघायचं, हा दुसरा. का, कशाला, किती वेळ, असलं काही विचारायचं नाही. आधी ऐकायचं, कारण मागाहून. पहिल्याच रविवारी बंड झालं. एक मुलगा म्हणाला, "आजोबा, मेट्रोला कुठं गार्ड असतो?" या पोरांनी आयुष्यात आगगाडीपेक्षा मेट्रोच जास्त बघितलेली. आणि रांगेत शेवटी असलेली इरा नावाची मुलगी लगेच म्हणाली, "मग मेट्रोला देव नसतो का?" आतोबांनी त्या दिवशी वर्ग दहा मिनिटं आधीच सोडला. त्याच आठवड्यात एके दिवशी ते एकटेच मेट्रोत बसून शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले, तिथल्या माणसांना भंडावून सोडलं, आणि रविवारी येऊन जाहीर केलं, "असतो! एका खोलीत बसलेला असतो. सगळ्या गाड्या त्याला एकदम दिसतात. आमच्या वेळेपेक्षा सोय जास्त आहे." इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर नातवंडं झाल्यावरही पाहिला नव्हता.

शिट्टीचा धडा मात्र मुलांनी फारच मनावर घेतला. तिसऱ्या रविवारनंतर आयांच्या तक्रारी यायला लागल्या. घरात कुकरची शिट्टी झाली की पोरं होती तिथे थिजायची. हातातला घास हातात, एक पाय चपलेत, दुसरा बाहेर. एकीचा मुलगा तर दुधाचा पेला तोंडाला लावायची वेळ आणि डाळीच्या कुकरची वेळ बरोब्बर जुळवून घ्यायला शिकला. सगळ्या आया एकदम आत्याकडे आल्या. आतोबांनी शांतपणे ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि निकाल दिला. "शिट्टी कोणाचीही असो, थांबायचंच. खोट्या शिट्टीला थांबलं तर काय नुकसान? दूध थोडं थंड होईल. खऱ्या शिट्टीला नाही थांबलं तर?" आया एकमेकींकडे बघत परत गेल्या. माझ्या मनात आलं होतं की हे काही खरं नाही, एकदा बोलावं. पण आतोबांशी वाद घालायचा म्हणजे रविवारची दुपारही गमवायची, म्हणून गप्प बसले. बोलायला हवं होतं, असं आज वाटतं.

इराची आई तेवढी निकाल ऐकून गेली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली. हे जोडपं दुसऱ्या मजल्यावरचं, दोघंही आयटीतली, पुण्याहून येऊन दोन वर्षं झालेली. मुलीच्या कानावर मराठी पडावं एवढ्यासाठी त्यांनी तिला वर्गाला पाठवलेलं. ती म्हणाली, "काका, रागावू नका, पण आम्ही तिला नुसतं 'ऐक' असं कधी म्हणत नाही. आम्ही तिला कारण सांगतो." आतोबा म्हणाले, "बहोत अच्छी बात. मीही कारण सांगतो की. फक्त नंतर सांगतो." ती हसली, पण मनापासून नाही. आणि इरा खरोखरच आईच्या वळणावर गेलेली होती. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, आणि प्रश्न असे की आतोबांनी दोन्ही घड्याळं बघावीत. चुकामुकीचा धडा चालला होता तेव्हाची गोष्ट. आतोबा सांगत होते, "स्टेशनावर हरवलेली माणसं का सापडत नाहीत? कारण दोघंही शोधत फिरतात. म्हणून एकानं उभं राहायचं. आपण हरवलो असं वाटलं की जागा सोडायची नाही. शोधायचं काम त्याचं." इरानं विचारलं, "आणि तो आलाच नाही तर?" "येतो." "कशावरून?" आतोबा छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी सांगतो म्हणून." इरानं त्यांच्याकडे जरा वेळ निरखून बघितलं आणि म्हणाली, "ओके." एवढ्या लवकर ती कधी मानायची नाही, म्हणून माझ्या ते लक्षात राहिलं.

थंडीच्या दिवसांत आतोबांनी सहल काढली. सहल कुठं, तर आबिड्सला. रविवारी तिथली मोठी दुकानं बंद असतात आणि फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. या पोरांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, ही आतोबांची आणखी एक चिंता होती. चित्रांची मराठी पुस्तकं शोधून प्रत्येकाला एक द्यायचं, असा बेत. बारा पोरं, मी आणि आतोबा, असे बसमधून उतरलो, रस्त्याच्या कडेला रांग लावली, आतोबांनी दोन आखूड शिट्ट्या दिल्या आणि आमची गाडी रस्ता ओलांडायला निघाली. बरोबर मधोमध पोचलो आणि चौकातल्या ट्रॅफिक पोलिसानं कुठल्याशा ऑटोवाल्यासाठी एक लांबलचक शिट्टी मारली. बाराच्या बारा पोरं रस्त्यात खिळून उभी! मी ओढतेय, कोणी हलेना. दोन्हीकडून हॉर्न. आतोबांनी मागून दोन आखूड वाजवल्या, गाडी चार पावलं सरकली, की पोलिसाची लांब, की परत ब्रेक. आतोबांच्या दोन, त्याची एक. एक बसवाला इंजिन बंद करून मजा बघत बसला. पोलीस ओरडला, "क्या चाचा! ड्यूटी मेरी है या तुमारी?" शेवटी कसेबसे आम्ही पलीकडच्या फुटपाथला लागलो. मी हसून हसून लाल झाले होते. आतोबा मात्र रागानं. चौतीस वर्षांत त्यांच्या शिट्टीला कोणी अशी आडवी शिट्टी घातली नव्हती. "तू हळूहळू हो पुढं, मी याच्याशी दोन शब्द बोलून आलो," असं म्हणून ते रांगेचं शेपूट सोडून परत चौकात गेले.

मी पुढे निघाले. मागे वळून बघायचं नाही हा नियम इंजिनालाही होता, आणि मी तोंडदेखलं का होईना पाळत होते. पुस्तकवाले ओरडत होते, गर्दी होती. दोनेक मिनिटांत आतोबा गर्दीतून वाट काढत धावत आले, रांगेच्या टोकाला लागले आणि सवयीनं मोजायला लागले. अकरा. पुन्हा मोजले. अकरा. इरा नव्हती. तिच्या पुढच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "तिनं शर्ट केव्हाच सोडला." मी अकरा जणांना एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर बसवलं आणि तिथून हलायची सोय राहिली नाही. आतोबा निघाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, धोतर वर खोचून, त्या गर्दीतून धावत सुटलेला, आणि शिट्टी वाजवत. आधी बसस्टॉपकडे गेले. तिथून पोस्टाकडे. रस्ता ओलांडून पलीकडे. ज्याच्याशी भांडले त्याच पोलिसाला हात जोडून आले, आणि तोही बिचारा ताबडतोब गल्ल्या बघायला गेला. दर थोड्या वेळानं कुठून तरी त्यांची लांब शिट्टी ऐकू यायची, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. इराच्या आईला फोन करायचा म्हणून मी दोनदा नंबर काढला आणि दोनदा फोन खाली ठेवला. काय सांगणार होते मी? तुझी मुलगी हरवली, कारण आम्ही मागे बघत नव्हतो, असं? आयुष्यात इतकी भीती मला पूर्वी कधी वाटली नाही आणि नंतरही नाही.

अशी चाळीस मिनिटं गेली. तिसऱ्यांदा आतोबा आमच्या समोरून धावत गेले तेव्हा जवळच्याच एका पुस्तकवाल्यानं त्यांचा दंड धरला. "बाबा, ये सीटी तुमारी है क्या? बंद करो पैले. बच्ची बैठती नै, रोती नै, बस खडी है, और ये सीटी बजते ही पत्थर हो जाती!" इंजिनियरिंगच्या गाइडांचा छातीएवढा ढीग होता, त्याच्या मागे, बंद शटरला पाठ लावून इरा उभी होती. मी मुलांना घेऊन बसले होते तिथून साठ-सत्तर पावलांवर. पोलिसानं ऑटोवाल्यासाठी पुन्हा शिट्टी मारली, ती पुढच्या पोरांना पुस्तकवाल्यांच्या ओरड्यात ऐकू गेली नाही, शेपटाला असलेली इरा मात्र थांबली होती. एका गिऱ्हाइकानं तिला वाटेतून उचलून बाजूला ठेवलं, तिथे ती उभी राहिली. पुस्तकवाल्यानं स्टूल दिलं, ती बसली नाही. बिस्किट दिलं, ते मुठीत धरून ठेवलं. नाव सांगितलं नाही, फोन नंबर सांगितला नाही. "हमारे आजोबा आते," एवढंच हिंदीत सांगत राहिली. आणि तिला आजोबांची शिट्टी ऐकू येत होती की! एक लांब. म्हणजे थांब. पुन्हा एक लांब. म्हणजे अजून थांब. आतोबा जिवाच्या आकांतानं तिला हाका मारत होते, आणि त्यांच्या प्रत्येक हाकेनं ती आणखी घट्ट उभी राहत होती.

मी मुलांना घेऊन पोचले तेव्हा आतोबा तिच्यासमोर फुटपाथवर मटकन बसले होते. तिचा फ्रॉक ओला होता, पायांखाली ओल होती. ती तरीही हलली नव्हती. तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मी एकदा पण नाही हलले." मग तिनं विचारलं, "तुम्हाला मी दिसत होते ना?"

मला वाटलं, हो म्हणतील. सहा वर्षांच्या पोरीला कोणीही हो म्हणालं असतं. माझ्या तर ओठांवर आलं होतं.

आतोबा म्हणाले, "नाही, बेटा. नव्हतीस दिसत."

"मग शिट्टी कोण वाजवत होतं?"

"मीच."

"दिसत नव्हते तरी?"

"हौ. मी घाबरलो होतो. मला काही सुचत नव्हतं."

मग मुठीतलं चुरा झालेलं बिस्किट तिनं त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "मी नाही घाबरले. थोडीशीच." तेव्हा आतोबांनी धोतराच्या सोग्यात तोंड खुपसलं आणि भर फुटपाथवर ओक्साबोक्शी रडले. मी त्यांना रडताना त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. अकरा पोरं, पुस्तकवाला आणि तो पोलीस, सगळे गोल करून उभे होते आणि कोणालाच काय करावं कळत नव्हतं.

घरी आल्यावर ते पाणीसुद्धा न पिता दुसऱ्या मजल्यावर गेले. मी म्हटलं, मी सांगते नीट समजावून, तुम्ही थांबा. ऐकलं नाही. इराच्या आईसमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, स्वतः रांग सोडून भांडायला गेल्याचंसुद्धा. ती आरडाओरडा करेल अशी माझी खात्री होती. तिनं मुलीला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "काका, तिनं रडायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. कोणालातरी माझा नंबर सांगायला हवा होता. तिला येतो तो पाठ. ते तुम्ही तिला शिकवलं नाहीत." आतोबा म्हणाले, "हौ. नाही शिकवलं." यापलीकडे त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. खरं सांगायचं तर बाजू मांडायला तोंड नव्हतं, ना त्यांना, ना मला.

पुढच्या रविवारी सतरंजी पसरली, ती शेवटची. इरा आली नव्हती. आतोबांनी अकरा मुलांना समोर बसवलं आणि धडा बदलून दिला. हरवलात तर थांबा, पण थांबून मोठ्यांदा ओरडा. आईबाबांचे नंबर पाठ करा. हे त्यांनी प्रत्येकाकडून घोकून घेतलं. सायकलवाला मुलगा म्हणाला, "पण आजोबा, देवाला तर सगळं दिसतं ना? मग ओरडायचं एंदुकु?" एंदुकु म्हणजे तेलुगूत कशाला. आतोबा म्हणाले, "मला वाटायचं दिसतं. खरं काय ते मला ठाऊक नाही रे. माझ्याबद्दल मात्र सांगू शकतो, मला नव्हतं दिसलं." आणि वर्ग बंद केला. आयांनी सांगून पाहिलं, कुकरचं गाऱ्हाणं घेऊन आलेल्यांनीसुद्धा. पण आतोबा म्हणाले, "नापास झालेल्या मास्तरानं शिकवू नये." मुलं हळूहळू बुद्धिबळाला, पोहायला जायला लागली. वर्षभरात इराच्या वडिलांची बदली झाली आणि ती मंडळी पुण्याला परत गेली. जाताना तिची आई खाली येऊन आत्याच्या पाया पडली, आतोबांच्याही पडली. आतोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण तोंडातून आशीर्वाद काही निघाला नाही.

मला रविवार परत मिळाला. लोळण्यात काही पूर्वीची मजा राहिली नाही, ते सोडा. मध्यंतरी आत्याचा फोन आला. "अगं, हे रविवारी सकाळी कुठं जातात काही सांगत नाहीत. कुलूपसुद्धा एकदाच ओढतात गं, मला काळजी वाटते." मला अंदाज आला आणि रविवारी मी थेट आबिड्सला गेले. बंद शटरला पाठ लावून आतोबा उभे होते. पुढे पुस्तकांचा ढीग, माणसांची ये-जा. पुस्तकवाल्यानं मला ओळखलं आणि हळूच म्हणाला, "हर इतवार आते अम्मा. किताब नै लेते, कुछ नै. खडे रैते." मी जवळ जाऊन विचारलं, "आतोबा, काय करताय इथे?"

"उभा राहतो," ते म्हणाले. "काही करायचं नाही. कोणाला बोलवायचं नाही. घड्याळं घरी ठेवून येतो. पोरगी चाळीस मिनिटं उभी होती. म्हटलं, बघू आपल्याला जमतं का."

"मग? जमतं?"

"नाही गं. सुरुवातीला बरं वाटतं. मग थोड्या वेळानं वाटायला लागतं की कोणी येत नाहीये." ते हसले. "सत्तर वर्षं रोज हात जोडतोय, पण इतका वेळ नुसतं उभं राहून कधी बघितलं नव्हतं. तिला ते कसं जमलं, कोणास ठाऊक."

मी म्हटलं, "मी थांबते तुमच्याबरोबर."

"नको, बेटा. तू असलीस की ते काही खरं थांबणं नाही. तू जा."

मी बरं म्हणून निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथून माझा पाय निघेना. मग त्यांना दिसणार नाही अशा बेतानं एका खांबाआड झाले, आणि ते निघेपर्यंत तिथेच उभी राहिले.